उंचीवरचा एप्रिल

आल्प्समधला स्कीइंगचा हंगाम आणि आपल्याकडचं शाळेचं वेळापत्रक यांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिथले खालचे उतार अजून गवताचे असतात, बर्फ असतो तो फक्त हिमनद्यांवर. नाताळात बर्फ असतो, पण हॉटेलांचे दर वर्षातले सर्वांत चढे असतात आणि साडेचारच्या सुमारास उन्हं कलतात. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना हिवाळी सुट्ट्या लागतात आणि लिफ्टपुढे रांगा वाढतात. मार्च उत्तम, पण मार्च म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीचा महिना. आणि मेमध्ये, म्हणजे मुंबई-पुण्याहून सहलींची विमानं भरून युरोपला जातात तेव्हा, बहुतेक स्की-गावं दारं लावून विश्रांती घेत असतात. उरतो एप्रिल. राज्य मंडळाच्या शाळांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्येच आटोपते, कधी महिना संपत येईपर्यंत लांबते. त्यानंतर बर्फ हवा असेल तर एकच उपाय आहे: उंच जायचं.

म्हणून हा लेख उंचीबद्दल आहे. स्कीच्या सुट्टीचं नियोजन म्हणजे विमानाचं तिकीट, हॉटेल आणि गरम कपडे, असं आपण धरून चालतो. हिमनदीवरच्या ठिकाणी मात्र मुक्काम कुठे करायचा, शिकायचं कुठे, विमा कसला घ्यायचा, परतीचं तिकीट कोणत्या दिवसाचं काढायचं, ही सगळी उत्तरं एका आकड्यातून निघतात. तो आकडा म्हणजे समुद्रसपाटीपासूनचे मीटर.

आल्प्समध्ये अशी ठिकाणं मोजकीच आहेत. ऑस्ट्रियातल्या झिलरटाल खोऱ्याच्या टोकाला हिंटरटुक्स आहे. तिथे लिफ्ट ३२५० मीटरपर्यंत जाते आणि वर्षाचे बाराही महिने स्कीइंग चालतं. म्युनिकला नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना ते सोयीचं पडतं. फ्रान्समध्ये तीनेक हजार मीटरच्या वर पोचणारी तीन्य आणि वाल तोराँस ही नावं प्रसिद्ध आहेत. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात सास-फे आहे. तिथे डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे १९८४ पासून माणसांना साडेतीन हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडते. आणि शेजारच्याच खोऱ्यात झर्मॅट. भारतातून सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी मी झर्मॅटच्या बाजूने कौल देईन. ते स्वस्त नाही, उलट या यादीतलं बहुधा सर्वांत महाग तेच. पण तिथली भूरचना आपल्यासारख्या समुद्राजवळून येणाऱ्या माणसाला सांभाळून घेते.

कशी, ते पाहा. झर्मॅट गाव सुमारे १६०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे रात्री झोपायचं ते कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर, आणि सकाळी केबल कारने जायचं ते क्लाइन मॅटरहॉर्नवर, ३८८३ मीटरच्या शिखराशी. युरोपातलं केबल कारचं सर्वांत उंच स्थानक हेच. उंचीचा त्रास होतो की नाही, हे दिवसा कुठवर चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात यावर जास्त अवलंबून असतं. साधारण अडीच हजार मीटरच्या वर मुक्काम केला की डोकं धरणं, मळमळणं, झोप न लागणं या तक्रारी सुरू होऊ शकतात. वाल तोराँसचं गावच २३०० मीटरवर वसलेलं आहे. उंबरठ्यावरच बर्फ, ही त्याची ऐट खरी, पण पहिल्या दोन रात्री जड जाऊ शकतात. झर्मॅटला दिवसभर वर राहून संध्याकाळी शरीर पुन्हा खाली येतं.

तरीही पहिल्याच दिवशी थेट वर जाऊ नये. ट्रॉकनर स्टेग या २९३९ मीटरवरच्या स्थानकातून शेवटची केबल कार निघते आणि नऊएक मिनिटांत जवळपास नऊशे मीटर वर नेऊन ठेवते. आतल्या गुबगुबीत आसनांवर बसून काही जाणवत नाही. जाणवतं ते वर उतरल्यावर. खडकात खोदलेल्या लांब बोगद्यातून, स्की खांद्यावर आणि पायात जड बूट घेऊन, पलीकडच्या उताराकडे चालत जावं लागतं. एरवी दोन जिने सहज चढणारी माणसं त्या सपाट बोगद्यात मध्येच थांबून भिंतीला हात लावतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. त्यामुळे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि तान्ह्या मुलांना तिथवर नेऊच नये. पहिला दिवस गावात आणि त्याच्या जरा वर, दुसरा दिवस अडीच हजारांपर्यंत, हिमनदी त्यानंतर. एवढा धीर ठेवला तर बाकीची सुट्टी सुखाची जाते.

थंडीचा हिशेबही उंचीचाच. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. गावात पाच अंश असतील, लोक कॉफीचे कप घेऊन उन्हात बसले असतील, तेव्हा वर उणे दहा असतं आणि त्यावर वारा. सूर्याचंही तसंच. अतिनील किरणं दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत उलटी फेकतो. म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांना भाजलेले चेहरे तिथे हमखास दिसतात. आपल्याकडे सावळ्या कातडीला ऊन लागत नाही अशी एक समजूत आहे. ती घरीच ठेवावी. डोळ्यांना तर रंगाचा काहीच आधार नसतो. चांगला गॉगल नसेल तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं.

झर्मॅटला पोचणं हाच एक छोटा सोहळा आहे. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मज्जाव आहे. स्वतःच्या गाडीने आलेल्यांना ती पाच किलोमीटर अलीकडे टॅश इथे ठेवावी लागते. आपण झ्युरिक विमानतळावरूनच रेल्वेत बसावं, विस्पला गाडी बदलावी. २००७ मध्ये लोएत्शबर्गचा ३४ किलोमीटरहून लांब पायथ्याचा बोगदा खुला झाल्यापासून हा सगळा प्रवास साडेतीन तासांच्या आसपास होतो. विस्पपासून पुढची अरुंद गाडी जिथे चढ येतो तिथे दातेरी रुळात दात अडकवून चढते. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर झर्मॅटपर्यंतचा प्रवास त्यात येतो. पण तो पास म्हणजे स्की-पास नव्हे. वरच्या लिफ्टांचा पास वेगळा घ्यावा लागतो. त्याचा दर ठरलेला नसतो, मागणीप्रमाणे हलतो, आणि आगाऊ घेतला तर कमी पडतो. नवशिक्याने सगळ्या डोंगराचा आणि वर इटलीच्या बाजूचाही पास घेणं म्हणजे पैसे वाया. पहिले काही दिवस शिकण्याच्या उतारापुरता पास पुरतो. उरलेले पैसे प्रशिक्षकावर खर्च करावेत, हे माझं ठाम मत आहे. या सुट्टीत काटकसर कुठेही करा, शिकवणाऱ्यावर करू नका.

शिकायचं कुठे, तर वर नाही. सुनेगाला २२८८ मीटरवर, किंवा गोर्नरग्राट रेल्वेच्या वाटेवरच्या रिफेलबर्गला, अडीच हजारांच्या जरा वर, सौम्य उतार आहेत. थिओडुल हिमनदीवरचे काही उतारही सौम्य आहेत, पण तिथे दमछाक आधी होते आणि शिकणं मागे पडतं. फक्त एप्रिलच्या उत्तरार्धात एक पेच असतो. खालचे शिकण्याचे उतार आणि तिथल्या लिफ्ट एकेक करत बंद होत जातात. म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीचं लिफ्टांचं वेळापत्रक समोर ठेवावं आणि आपल्या तारखांना कोणता उतार उघडा आहे ते एकेक करून पाहावं. परीक्षा लवकर संपली असेल तर महिन्याच्या मध्यावर निघावं. सुट्टी अगदी अखेरीला लागत असेल तर पूर्ण नवशिक्या कुटुंबाने पुढचं वर्ष धरलेलं बरं.

स्की आणि बूट भाड्याने मिळतात आणि ते भाड्यानेच घ्यावेत. त्या दुकानातला अर्धा तास सगळ्या सुट्टीतला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास असतो, म्हणून घाई न करता तो सांगतो. दुकानातला माणूस तुम्हाला मोजे काढायला लावतो आणि पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजतो. मग एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा. आपण थंडीच्या धास्तीने दोन-दोन चढवतो, पण त्याने रक्त अडतं आणि पाय जास्त गारठतात. थर्मलची कडही बुटात जाता कामा नये, नाहीतर नडगीवर वळ उठतो. बूट चढवणं म्हणजे कवचात पाय घालणं. आत टाच आपटून मागे बसवायची आणि बकलं एकेक करत आवळायची. सरळ उभं राहिलात की अंगठा पुढे टेकतो आणि बूट लहान आहे अशी खात्रीच पटते. आता गुडघे पुढे वाकवा. अंगठा मागे सरकतो, नडगी बुटाच्या जिभेवर दाबली जाते, टाच जागची हलत नाही. असा बूट बरोबर. ऐसपैस वाटणारा बूट घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला उतारावर वळता येत नाही, कारण पाय आत फिरतो आणि स्की जागच्या जागी राहते.

मग वजन, उंची, वय आणि स्कीइंग किती येतं ते विचारतात. इथे लाजून वजन कमी सांगू नये आणि बढाई मारून कौशल्य जास्त सांगू नये. स्कीवर बूट धरून ठेवणाऱ्या खटक्याचा ताण या आकड्यांवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरतो. पडताना तो खटका वेळेवर सुटला नाही तर स्की पायाला पीळ घालते आणि गुडघ्याचा अस्थिबंध जातो. आकडा खोटा म्हणजे ताण चुकीचा, एवढं ते सरळ आहे.

रिफेलबर्गच्या उतारावर एका सकाळी मराठी कानावर पडलं. बाई घाबरून मागे रेलल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे जेमतेम दहा वर्षांची मुलगी उलटी उभी राहून हातवारे करत होती. “आई, मागे नको ना गं जाऊस! पुढे झुक. गुडघे पुढे!” बाई म्हणाल्या, “अगं, पुढे झुकले तर तोंडावर आपटेन.” मुलगी म्हणाली, “नाही आपटत. बघ माझ्याकडे.” स्कीइंगमधली मुख्य अडचण त्या दोघींनी दोन वाक्यांत मांडली. उतार दिसला की शरीर आपोआप डोंगराकडे, मागे, रेलतं. पण स्की वळते ती तिच्या पुढच्या भागावर भार आला तरच. मागे रेललं की पुढचा भाग हलका होतो, वळणं आणि थांबणं दोन्ही हातचं जातं, वेग वाढतो. मुलांचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि त्यांना पडण्याचं भय कमी, म्हणून ती भराभर पुढे निघून जातात. आईबाबांनी त्यांच्याशी बरोबरी करू नये. पहिल्या दिवशी स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब ठेवून सावकाश थांबता आलं तर दिवस सार्थकी लागला.

मांड्या तयार हव्यात, आणि ती तयारी पुण्या-मुंबईत होऊ शकते. जिममध्ये वजन उचलण्यापेक्षा सिंहगड उतरणं अधिक उपयोगाचं. चढणं नव्हे, उतरणं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. स्कीइंगमध्ये दिवसभर तेच काम चालतं. जानेवारीपासून दर रविवारी गड चढून सावकाश, न धावता, गुडघे किंचित वाकवून उतरलं तर एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशीही पाय जागेवर असतात. अपघात बहुतेक दुपारनंतर, दमल्यावर होतात.

एप्रिलमधल्या बर्फाचा दिवसही ओळखून घ्यावा लागतो. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळी काचेसारखा टणक असतो आणि नवशिक्याला तो नको वाटतो. ऊन चढलं की वरचा थर सुटून दाणेदार होतो. साधारण दहा ते बारा या वेळात तो इतका सोपा, इतका क्षमाशील असतो की तेवढ्यासाठी एप्रिल निवडावा. दुपारी त्याचा लगदा होतो, स्की रुततात, गुडघ्यांवर ताण येतो. म्हणून शिकवणी सकाळची घ्यावी आणि दुपारी दोनच्या सुमारास बूट काढावेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपार त्यांची. गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे १८९८ पासून ३०८९ मीटरपर्यंत जाते. वर उतरलं की समोर मॅटरहॉर्न आणि पायाशी गोर्नर हिमनदीचा पसारा. जिच्यावर स्की चालवायला आलो ती हिमनदी म्हणजे काय, हे स्की न करणाऱ्यालाही तिथे कळतं. गावातल्या संग्रहालयात १८६५ च्या पहिल्या मॅटरहॉर्न चढाईत तुटलेला दोर ठेवला आहे. उतरताना तो तुटला आणि सातांपैकी चौघे गेले.

जेवणाचं अवघड नाही. गावात स्टेशनजवळच कोओप आणि मिग्रोस ही मोठी किराणा दुकानं आहेत, म्हणून हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं. डोंगरावर बटाट्याची रोश्ती आणि सूप शाकाहारी माणसाला पुरतं, फक्त रोश्तीत मांस नाही ना हे विचारून घ्यावं. काटेकोर शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेली असतात.

आता विमा. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण व्हिसापुरत्या अशा पॉलिसीत हिवाळी खेळ अनेकदा वगळलेले असतात. ते जोडून घ्यावे, आणि ठरलेल्या उतारांच्या बाहेरचं स्कीइंग व हेलिकॉप्टरने केलेली सुटका त्यात धरली आहे का, ते अक्षर न् अक्षर वाचावं. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरावरची सुटका फुकट नसते. हेलिकॉप्टर आलं की बिल हजारो फ्रँकचं होऊ शकतं. वरच्या खिंडीतून स्की करत इटलीतल्या चेर्विनियाला उतरता येतं, पण तिथे इटलीचा कायदा लागू होतो. दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे आणि हेल्मेट नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्या वयांना. शिवाय परतीची शेवटची लिफ्ट चुकली तर मोटारीने डोंगराला वळसा घालून झर्मॅटला यायला कित्येक तास लागतात. वारा वाढला की त्या लिफ्ट वेळेआधीच थांबतात.

आणि ठरलेला उतार सोडून हिमनदीवर कधीही भरकटू नये. हिमनदी म्हणजे सरकणारा बर्फ. सरकताना तो फाटतो, आणि त्या खोल भेगांवर ताज्या हिमाचे पातळ पूल तयार होतात, वरून कळतही नाही असे. दोन्ही कडांना रोवलेल्या खांबांच्या आत सुरक्षितता आहे, बाहेर फक्त वाटाड्याबरोबर. दावोसच्या हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेचं पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला निघतं. धोक्याची पातळी एक ते पाच. ते वाचायची सवय मुलांनाही लावावी.

उंचीने बर्फाची हमी मिळते असं म्हणतात. पूर्ण हमी कोणीच देत नाही. झर्मॅटहून चेर्विनियाला उतरणारी ‘ग्रान बेक्का’ ही विश्वचषकाची शर्यत मोठ्या थाटात आखली होती. एका देशात सुरुवात, दुसऱ्यात शेवट. २०२२ मध्ये बर्फ पुरेसा नव्हता म्हणून रद्द, २०२३ मध्ये वारा आणि हिमवर्षाव म्हणून रद्द. पुढे ती वेळापत्रकातूनच काढली. एकही शर्यत झाली नाही. २०२२ च्या जुलै अखेरीस उष्णतेपायी तिथलं उन्हाळी स्कीइंगही थांबवावं लागलं. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सुमारे सहा टक्के भाग गमावला, पुढच्या वर्षी आणखी चार टक्के. दोन वर्षांत दहावा हिस्सा. इटली-स्वित्झर्लंडची इथली सीमा पाणलोटाच्या रेषेने, म्हणजे बर्फाच्या माथ्याने जाते. बर्फ उतरला तशी ती रेषा सरकली. २०२३ मध्ये दोन्ही देशांच्या आयोगाने नव्या रेषेचा मसुदा केला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडने त्याला मंजुरी दिली. हिमनदी वितळली म्हणून देशाच्या नकाशात दुरुस्ती! आपण लांब पल्ल्याच्या विमानाने तिथे जातो, तेव्हा या वितळण्यात आपलाही वाटा असतो. हे मला टोचतं आणि ते लपवावंसं वाटत नाही. म्हणूनच चार देश आठ दिवसांत, त्यात तासभर बर्फ, अशा सहलीपेक्षा एकाच खोऱ्यात दहा दिवस राहावं, विमानतळापुढचा सगळा प्रवास रेल्वेने करावा, असं सुचवतो. टिटलिस आणि युंगफ्राउयोखवर फोटो काढून आलेल्या मराठी माणसांची संख्या मोठी आहे. त्यांतल्या थोड्यांनी जरी बर्फावर उभं राहायला शिकायचं ठरवलं, तरी त्यांना हिमनदी वेगळी दिसेल.

परतीचं विमान शेवटच्या स्की-दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. २०१८ च्या जानेवारीत हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता आणि रेल्वे बंद झाली आणि तेरा हजारांच्या आसपास पर्यटक झर्मॅटमध्ये अडकले. हा फक्त जानेवारीचा धोका आहे असंही नाही. २०२५ मध्ये ऐन एप्रिलच्या मध्यावर प्रचंड हिमवर्षाव झाला, वीज गेली, गावाचा संपर्क तुटला. शेवटची एक रात्र झ्युरिकला किंवा बर्नला ठेवावी. सगळं सुरळीत पार पडलं तर ते शहर पाहून होतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांना फी नव्वद युरो. जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. एप्रिलच्या मध्याला निघायचं असेल तर ही मुदत ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. भाऊबीज झाली की पासपोर्ट बाहेर काढून त्यांच्या मुदती तपासाव्यात, शाळेकडून परीक्षेच्या संभाव्य तारखा विचाराव्यात, आणि विमानाच्या आधी प्रशिक्षकाची वेळ घ्यावी. एप्रिलमध्ये मराठी कुटुंबाला सकाळची शिकवणी मिळाली की बाकी सगळं तिच्याभोवती बसवता येतं.